मुलांचे दांत आणि गांवचें पाणी



दांतांविषयीं कोणी बोलावयास उभा राहिला म्हणजे बहुतेकांची अशी समजूत होते कीं, आतां हा गृहस्थ सकाळ-संध्याकाळ दांत घांसण्याचा उपदेश करणार, गोड खाऊं नका म्हणून बजावणार आणि आपली रजा घेणार. तो उपदेश योग्यच आहे. पण आजचा माझा विषय त्याच्याहि अलीकडचा आहे. दांत तोंडांत दिसूं लागण्यापूर्वीं, हिरडीखालीं जबड्याच्या हाडांत तो घडत असतांना, बाहेरच्या जगांतील कोणत्या गोष्टी तेथवर पोंचतात आणि त्याच्यावर कायमची खूण ठेवून जातात, हें मला आज सांगावयाचें आहे.

विषय निवडण्याचें कारणहि सांगून टाकतों. एखाद्या मुलाचे पुढचे दांत खडूसारख्या पांढऱ्या ठिपक्यांचे किंवा तपकिरी पट्ट्यांचे निघाले, कीं घरांत पहिला ठपका त्या मुलावरच येतो. 'नीट घांसत नाहीं', हें वाक्य त्याला दिवसांतून दोनदां ऐकावें लागतें. दुसरा ठपका आईवर येतो. तिनें लक्ष दिलें नाहीं. मुलगी असेल, तर ती हंसतांना तोंडावर हात धरूं लागते, आणि पुढें तिला पाहावयास आलेल्या मंडळींपैकीं कोणी तरी हळूच विचारतें कीं, मुलगी मिश्री लावते काय? या साऱ्या आरोपांत न्यायाचा अंश फार थोडा असतो. जो डाग दांत उगवण्यापूर्वींच पडला, तो घांसण्यानें टळला नसता आणि घांसण्यानें जाणारहि नाहीं.

दांताच्या दिसणाऱ्या भागावर जें चकचकीत, कठीण कवच असतें, त्याला आपण एनॅमल म्हणतों. आपल्याकडील शास्त्रीय ग्रंथांत त्याला दंतवल्क असें नांव आहे. मनुष्याच्या शरीरांत याहून कठीण पदार्थ नाहीं. वजनाच्या हिशेबानें पाहिलें तर त्याचा शेंकडा ९६ भाग खनिजाचा असतो. पण हा कठीण पदार्थ तयार करणाऱ्या पेशी मात्र अत्यंत नाजूक असतात. त्या प्रथम प्रथिनांचा एक मऊ सांचा घालतात, दररोज सुमारें चार मायक्रोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरच्या हजार भागांतील चार भाग, इतक्या जाडीनें. मग त्या सांच्यांतील प्रथिनें हळूहळू काढून घेतात आणि त्या जागीं कॅल्शियम व फॉस्फेट यांचे स्फटिक दाट भरूं देतात. काम पुरें झालें, दांत हिरडींतून वर आला, कीं या पेशी नाहींशा होतात. हाड मोडलें तर सांधतें, कातडी कापली तर भरून येते. पण एनॅमल पुनः घडविणारें त्या दांतांत कोणी उरलेलें नसतें. दांत बाहेर आल्यावर लाळेंतील खनिजांनीं पृष्ठभागाची थोडीशी डागडुजी होते, इतकेंच.

येथें एक विलक्षण गोष्ट लक्षांत घ्यावयाची. झाडाच्या खोडांत जशीं वर्षांचीं कडीं दिसतात, तशा एनॅमलच्या पातळ कापांत सूक्ष्मदर्शकाखालीं रोजच्या वाढीच्या आडव्या खुणा आणि साधारणतः आठवड्याच्या आगेमागें पडणाऱ्या जाडसर रेषा दिसतात. दुधाच्या दांतांत तर मूल जन्मास आलें त्या क्षणाचीहि रेषा असते. गर्भाशयांत झालेलें एनॅमल तिच्या एका बाजूस आणि जन्मानंतरचें दुसऱ्या बाजूस. कोणता दांत केव्हां घडतो, याचें वेळापत्रक ठरलेलें असतें. दुधाचे दांत गर्भाच्या चवथ्या महिन्याच्या सुमारास आकार घेऊं लागतात. कायमच्या पहिल्या दाढेचें काम जन्माच्या सुमारास सुरू होतें, पुढच्या पटाशीच्या दांतांचें बहुतेक तिसऱ्या-चवथ्या महिन्यापासून, आणि त्यांचें कवच पुरें होण्यास चार-पांच वर्षें लागतात. उपदाढा व दुसरी दाढ दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीं सुरू होतात. अर्थात् सातव्या वर्षीं जो दांत आरशांत दिसूं लागतो, त्याची हकीकत पाळण्यांतली असते. सातव्या वर्षाच्या मुलाला त्याबद्दल रागें भरणें म्हणजे त्याच्या पाळण्यांतील दिवसांचा जाब त्याला विचारणें होय.

आतां या कामांत व्यत्यय आणणाऱ्या गोष्टींपैकीं सर्वांत प्रसिद्ध आणि आपल्या देशाला सर्वांत जवळची गोष्ट म्हणजे पिण्याच्या पाण्यांतील फ्लोराइड. तिचा शोध कसा लागला, हें थोडें विस्तारानें सांगतों, कारण एखाद्या चतुर गुप्त पोलिसाच्या गोष्टीपेक्षां तो कमी मनोरंजक नाहीं.

१९०१ सालीं फ्रेडरिक मॅके नांवाचा एक तरुण दंतवैद्य अमेरिकेंतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गांवीं धंदा करण्यास गेला. पाइक्स पीक पर्वताच्या पायथ्याशीं वसलेलें हें गांव. तेथें जन्मलेल्या माणसांच्या दांतांवर चॉकलेटच्या रंगाचे डाग त्याला दिसले. गांवकऱ्यांना त्यांचें कांहींच वाटत नव्हतें. कोणी म्हणत, डुकराचें मांस फार खाल्ल्यानें. कोणी म्हणत, निकस दुधानें. कोणी म्हणत, जड पाण्यानें. मॅकेनें त्या काळचे थोर दंतशास्त्रज्ञ ग्रीन व्हार्डिमन ब्लॅक यांना १९०९ सालीं तेथें आणविलें, आणि १९१५ सालीं ब्लॅक वारले तोंपर्यंत दोघांनीं मिळून काम केलें. त्यांना दोन गोष्टी आढळल्या. एक, हे डाग ज्यांचें बालपण त्या गांवीं गेलें त्यांनाच पडत; मोठेपणीं तेथें राहावयास आलेल्यांचे दांत स्वच्छ राहत. दुसरी, डागाळलेल्या या दांतांना कीड मात्र कमी लागे. त्याच १९०१ सालीं, नेपल्स बंदरावर अमेरिकेस निघालेल्या इटालियन प्रवाशांची तपासणी करणाऱ्या डॉ. ईगर यांनींहि ज्वालामुखीच्या प्रदेशांतून आलेल्या लोकांच्या अशाच दांतांचें वर्णन केलें होतें. पण दोन्ही टोकें जुळावयास पुढें तीस वर्षें लागलीं.

१९२३ सालीं मॅके आयडाहो संस्थानांतील ओकली या लहानशा गांवीं गेला. तेथील आयांनीं त्याला सांगितलें कीं, पांच मैलांवरच्या एका उष्ण झऱ्याचें पाणी नळानें गांवांत आणल्यापासून मुलांच्या दांतांवर डाग पडूं लागले. मॅकेनें पाणी तपासविलें. त्यांत संशयास्पद असें कांहींच सांपडलें नाहीं. तरीहि त्यानें तो नळ सोडून देण्याचा आणि दुसऱ्या झऱ्याचें पाणी घेण्याचा सल्ला दिला. गांवकऱ्यांनीं तो मानला. पुढें कांहीं वर्षांतच त्या गांवच्या धाकट्या मुलांचे नवे दांत निर्मळ येऊं लागले. कारण कळण्यापूर्वींच उपाय सांपडला होता, आणि तोहि आयांच्या सांगण्यावर विश्वास ठेवल्यामुळें, ही गोष्ट मला या साऱ्या इतिहासांत फार मोलाची वाटते.

गुन्हेगार अखेर १९३१ सालीं हातीं लागला, आणि तो दंतवैद्याच्या नव्हे, ॲल्युमिनियमच्या कारखान्याच्या रसायनशाळेंत. आर्कान्सा संस्थानांत बॉक्साइट नांवाचें गांव ॲल्युमिनियम कंपनीनें वसविलेलें होतें. १९०९ सालीं तेथील पाणीपुरवठा बदलून खोल विहिरींवर नेल्यानंतर तेथेंहि मुलांचे दांत डागाळूं लागले. पांच मैलांवरच्या गांवीं मात्र तसें कांहीं नव्हतें. आपल्या धातूवर आळ येईल या काळजीनें कंपनीचे मुख्य रसायनशास्त्रज्ञ एच. व्ही. चर्चिल यांनीं वर्णपटाच्या साहाय्यानें तें पाणी पुनः तपासलें. त्यांत ॲल्युमिनियमचा दोष नव्हता. पण दर दहा लाख भागांत १३.७ भाग इतकें फ्लोराइड निघालें. मॅकेनें इतर गांवांचें पाणी पाठविलें, तेथेंहि तेंच. त्याच वर्षीं ॲरिझोना विद्यापीठांत मार्गारेट स्मिथ आणि त्यांचे सहकारी यांनीं उंदरांवर प्रयोग करून हाच निष्कर्ष स्वतंत्रपणें काढला.

फ्लोराइड करतें काय, हें आतां पुष्कळसें उलगडलें आहे. मघाशीं मी सांगितलें कीं, पेशींनीं घातलेला प्रथिनांचा सांचा वेळेवर काढून घ्यावा लागतो. फ्लोराइड फार झालें म्हणजे ही प्रथिनें निघावयास उशीर होतो, स्फटिकांना दाट भरण्यास जागा मिळत नाहीं, आणि पृष्ठभागाखालीं एनॅमल सच्छिद्र राहतें. असा दांत उगवतांना तपकिरी नसतो, खडूसारखा पांढरा असतो. चहा व अन्न यांचे रंग त्या छिद्रांत मुरून तो पुढें तपकिरी होतो. म्हणूनच आयांना वाटतें कीं, दांत चांगला आला होता, मग मुलानें तो बिघडविला.

येथें कोणी विचारील कीं, मग टूथपेस्टांत फ्लोराइड घालतात तें कां? प्रश्न रास्त आहे. अमेरिकन सरकारच्या आरोग्य खात्यांतील ट्रेंडली डीन यांनीं १९३० नंतरच्या दशकांत गांवोगांव मुलांचे दांत तपासून असें दाखविलें कीं, दर लिटर पाण्यांत सुमारें एक मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असेल तर डाग क्वचित् व अगदीं फिकट पडतात, आणि दांत मात्र कमी किडतात. त्यावरूनच जानेवारी १९४५ मध्यें ग्रँड रॅपिड्स या शहरानें पाण्यांत फ्लोराइड मिसळण्यास प्रारंभ केला. दांताच्या पृष्ठभागावर बाहेरून लागलेलें थोडें फ्लोराइड त्याला कीड लागूं देत नाहीं. पोटांतून रक्तावाटे घडत्या दांतापर्यंत गेलेलें जास्त फ्लोराइड त्याला विद्रूप करतें. मात्रेचा आणि वाटेचा हा फरक आहे.

आपल्या देशांत प्रश्न बहुतेक ठिकाणीं पाण्यांत फ्लोराइड मिसळण्याचा नाहीं, काढण्याचा आहे. १९३७ सालीं मद्रास इलाख्यांतील, म्हणजे आतांच्या आंध्र प्रदेशांतील, नेल्लोर भागांत एच. ई. शॉर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं या रोगाचें वर्णन प्रसिद्ध केलें. तेथें तर दांतच नव्हे, माणसांच्या पाठीचे कणे आणि सांधेहि ताठरले होते. पुढें राजस्थान, गुजरात, कर्नाटक, आणि विशेषतः तेलंगणांतील नळगोंडा हीं नांवें या रोगाशीं जोडलीं गेलीं. आपल्या महाराष्ट्रांत काळ्या कातळाच्या मुलुखांत फ्लोराइड सामान्यतः कमी. पण यवतमाळ जिल्ह्यांतील पांढरकवडा व झरी-जामणीच्या बाजूस, तसेंच चंद्रपूर आणि नांदेड जिल्ह्यांच्या कांहीं भागांत, हा उपद्रव चांगलाच परिचयाचा आहे. ग्रॅनाइटासारख्या खडकांतील खनिजांतून फ्लोराइड पाण्यांत उतरतें. पाणी जितकें खोल, जितका काळ खडकाशीं निजलेलें, आणि त्यांत कॅल्शियम जितकें कमी, तितकें तें अधिक उतरतें.

यांत दैवाचा एक खेळ आहे. जुन्या पायऱ्यांच्या विहिरींचें पाणी उथळ. त्यांतून नारूचा रोग होई, पटकी होई. म्हणून विंधनविहिरी खणल्या गेल्या, १९७२ च्या दुष्काळानंतर तर फारच झपाट्यानें, आणि तें योग्यच झालें. २००० सालीं भारत नारूमुक्त जाहीर झाला, त्यांत या विहिरींचा वांटा मोठा आहे. पण कांहीं गांवीं जंतूंपासून सुटलेलें हेंच निर्मळ पाणी मुलांच्या दांतांवर उठलें. डोळ्यांना तें स्वच्छ दिसतें, चवीला गोड लागतें, वासहि येत नाहीं. अशा पाण्याविषयीं संशय कोणास यावा? शिवाय विदर्भाच्या उन्हाळ्यांत मूल पाणी पितें किती, याचाहि विचार हवा. थंड देशांत जें प्रमाण निरुपद्रवी, तें येथें तसें राहीलच असें नाहीं. आपल्या देशाच्या मानकांत दर लिटरास एक मिलिग्रॅम ही मर्यादा धरली आहे, आणि दुसरें पाणी मिळतच नसेल तर दीड मिलिग्रॅमपर्यंत सवलत आहे. त्या सवलतीकडे नेहमींचा नियम म्हणून पाहण्याची जी वृत्ति दिसते, ती मला पसंत नाहीं.

पाण्याखेरीज हवेवाटेहि हें विष घरांत येतें. चीनच्या ग्वेजौ प्रांतांत लोक धुराड्याविना चुलीवर माती कालविलेला कोळसा जाळीत आणि त्याच धुरांत मका व मिरच्या वाळवीत. धुरांतील फ्लोराइड धान्यांत मुरून तेथील लक्षावधि लोकांचे दांत डागाळले.

फ्लोराइड हा एकच आरोपी मात्र नव्हे. लहानपणीं गोवरासारखा कडक ताप येऊन गेला, कुपोषण झालें, किंवा ड जीवनसत्त्वाच्या अभावीं मुडदूस झाला, तर त्या काळांत घडत असलेल्या एनॅमलवर खांच किंवा खळग्यांची आडवी रांग राहते. इंग्लंडांत मे मेलनबी या विदुषींनीं कुत्र्यांच्या पिल्लांवर प्रयोग करून आहार आणि दांतांची घडण यांचा हा संबंध प्रथम स्पष्ट केला. टेट्रासायक्लिन हें औषध आठ वर्षांखालील मुलांना किंवा गरोदर स्त्रियांना दिल्यास मुलाचे दांत पिंवळट-करडे होतात, हें आतां प्रत्येक डॉक्टर जाणतो.

कारखान्यांच्या युगानें यांत आणखी भर घातली. इटलींत मिलानजवळ सेवेसो येथें १० जुलै १९७६ रोजीं एका रासायनिक कारखान्यांतून डायॉक्सिन हें घातक द्रव्य हवेंत सुटलें. सुमारें पाव शतकानें तेथील लोकांचे दांत तपासले, तेव्हां अपघाताच्या वेळीं जीं मुलें पांच वर्षांच्या आंतलीं होतीं, त्यांच्या एनॅमलमध्यें दोष अधिक आढळले. त्याहून मोठ्या असलेल्यांत तसे आढळले नाहींत. दांतांच्या वेळापत्रकाचा याहून बोलका पुरावा मिळणें कठीण.

अलीकडे दंतवैद्यांना आणखी एक प्रकार सतावीत आहे. कायमच्या पहिल्या दाढांवर, आणि कधीं पुढच्या दांतांवर, मलईच्या किंवा तपकिरी रंगाचे, कडा स्पष्ट असलेले मऊ चट्टे दिसतात. दाढ उगवतांच ढलपे निघूं लागतात, आणि थंड पाण्यानेंहि मूल कळवळतें. १९७० सालीं जन्मलेल्या स्वीडनमधील मुलांत त्याचें प्रमाण डोळ्यांत भरण्याइतकें होतें. २००१ सालीं त्याला स्वतंत्र नांव मिळालें. आणि आज जगांत शंभरांतील सरासरी तेरा-चौदा मुलांना तो असल्याचें मानतात. पहिल्या तीन वर्षांतील आजारपणें, ताप, आनुवंशिकता, वातावरणांतील रसायनें, अशा अनेकांवर संशय आहे. एकावरहि गुन्हा शाबीत झालेला नाहीं. प्लॅस्टिकमधील बिस्फेनॉल-ए या द्रव्यानें उंदरांच्या दांतांवर असेच चट्टे उठल्याचें पॅरिसच्या संशोधकांनीं २०१३ सालीं दाखविलें. पण उंदराची साक्ष माणसाच्या खटल्यांत जशीच्या तशी चालत नाहीं.

मग घरच्या माणसांनीं ओळखावें कसें? फ्लोराइडचे डाग दोन्ही बाजूंच्या जोडीच्या दांतांवर सारखेच असतात, आणि कडा पुसट, ढगांसारख्या. वरील मऊ चट्टे डाव्या-उजव्या बाजूंस सारखे नसतात. एकाच दांतावर डाग असेल, तर बहुधा त्याच्या आधींचा दुधाचा दांत पडझडींत दुखावला असेल किंवा किडून पिकला असेल. आणि मिश्रीचा अथवा पानाचा डाग वरवरचा असतो. दंतवैद्याच्या एका सफाईंत तो निघून जातो.

ज्या घरांत तान्हें मूल आहे आणि पाणी विंधनविहिरीचें किंवा टँकरचें आहे, त्यांनीं तें पाणी फ्लोराइडसाठीं मुद्दाम तपासून घ्यावें; जंतूंच्या तपासणींत फ्लोराइड कळत नाहीं. शहरांतल्या नव्या वसाहतींनाहि हें लागू आहे. पाणी उकळून फ्लोराइड जात नाहीं, उलट पाणी आटल्यामुळें त्याचें प्रमाण वाढतें. साध्या गाळणीनेंहि तें जात नाहीं. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेनें तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर वापरून फ्लोराइड खालीं बसविण्याची स्वस्त रीत काढली आहे, तिला नळगोंडा पद्धति असेंच म्हणतात. पण तुरटीचें माप पाण्याप्रमाणें ठरवावें लागतें, अंदाजानें नव्हे. जेथें सांठविलेलें पावसाचें पाणी मिळतें तेथें प्रश्नच उरत नाहीं. अंगावर पिणारें मूल याबाबतींत सुरक्षित असतें, कारण आईनें कसलेंहि पाणी प्यालें तरी तिच्या दुधांत फ्लोराइड नगण्यच उतरतें. धोका आहे तो अशा पाण्यांत कालविलेल्या डब्याच्या दुधाचा.

टूथपेस्टचा हिशेबहि करून पाहा. सामान्य पेस्टच्या एका ग्रॅममध्यें सुमारें एक मिलिग्रॅम फ्लोराइड असतें. जाहिरातींत ब्रशभर पसरलेली जी लाट दाखवितात ती जवळजवळ एक ग्रॅमची. तीन वर्षांचें मूल त्यांतील बराच भाग गिळतें. तीन वर्षांखालीं तांदळाच्या दाण्याएवढी, पुढें सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरे, आणि ती थुंकावयास शिकविण्यासाठीं मोठ्या माणसानें जवळ उभें राहावें.

ज्यांच्या दांतांवर डाग पडून चुकले आहेत, त्यांना आज उपाय नाहीं असें नाहीं. फिकट डाग दंतवैद्य वरचा अगदीं पातळ थर सौम्य अम्लानें व घर्षणानें काढून नाहींसे करतात. गडद डागांवर दांताच्याच रंगाचा लेप बसवितां येतो. घरगुती राखुंडी, कोळसा, मीठ-लिंबू यांनीं मात्र डाग जात नाहीं. तो आंत मुरलेला असतो. घांसून झिजतें तें वरचें एनॅमल.